बाळंतिणीच्या खोलीतलं इंग्रजी

आधी तिचं नाव लिहिते, मग काय झालं ते. वर्षा वहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको, माहेर नाशिककडचं, पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणारी. आज मी मस्कतच्या एका दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात काम करते, दिवसभर इंग्रजीत बोलते, मधूनमधून चुकते, आणि चुकले तरी घरी येऊन पोटभर जेवते. यातलं जेवण सोडलं तर बाकी सगळं तिचं देणं आहे. आणि खरं सांगायचं तर जेवणही तिचंच, कारण पूर्वी चूक झाली की माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

आमचं गाव गोंदियाकडच्या आमगावपासून सायकलच्या वाटेवर. घरात पोवारी, गावात झाडीबोली, बाजारात हिंदी, अशा तीन भाषा आम्ही शिकल्याशिवायच बोलत होतो. चौथी भाषा, इंग्रजी, शिकायला गेले तिथे अडले. शाळा नववीत सुटली. इंग्रजीच्या तासाला गुरुजी विचारत, 'समजलं?' आणि मी म्हणे, 'हो जी.' आमच्याकडे मोठ्या माणसाला देण्यासारखं दुसरं उत्तरच नव्हतं. बाबूजींनी काही विचारलं, हो जी. मायनं काही सांगितलं, हो जी. समजलं नसलं तरी आधी हो म्हणायचं, मग दाराआड जाऊन काय सांगितलं असेल याचा अंदाज बांधायचा. भाजी चिरण्यात हा अंदाज बहुतेक बरोबर येई. इंग्रजीत एकदाही आला नाही. नापास झाले, त्यातच मायची कंबर धरली, आणि मी घरी राहिले. कुणी 'शाळा सोड' म्हटलं नाही, कुणी 'जा' म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

वहिनीची आई लग्नाआधीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती सासरी आली. भाऊ तिला सोडून आठवड्याभरात पुण्याला परतला. गोंदियाच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि तिला घेऊन वहिनी घरी आली तेव्हा खळ्यावर धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं. अंगणात धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे घराएवढे उंच, हवेत सगळीकडे भुसा, दिवसभर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि मध्येच लांबून मालगाडीची धडधड, जी सुरू कधी झाली आणि संपली कधी ते कळत नसे. मायनं मधली खोली शेणानं सारवून घेतली, खिडकीला चादर लावली, खाटेखाली मातीच्या गोरशीत निखारे ठेवले. सव्वा महिना बाळंतिणीनं त्या खोलीतून अंघोळीपुरतंच बाहेर यायचं. डोक्याला फडकं, कानात कापूस. आणि डोळ्यांना ताण नको म्हणून कागद नाही, टीव्ही नाही, आणि तिनं पुण्याहून आणलेली जाडजूड पुस्तकं तर मुळीच नाहीत. ती मायनं धानाच्या कोठीवर नेऊन ठेवली. 'डोळे एकदा गेले का मंग कोनता कॉम्पुटर पायशील वो?' असं ती म्हणाली, आणि वहिनी मुकाट बसली. तिचं खाणंपिणं, बाळाचे लंगोट, गोरशीत निखारे घालणं, हे काम माझ्याकडे आलं.

दिवेलागणीला वहिनी रडायची. आवाज न करता, बाळाकडे बघत. मी ओव्याचं पाणी घेऊन दारात उभी राही आणि मला कळत नसे की आत जावं की परत फिरावं. आज माझ्या वॉर्डात कुणी असं रडलं तर काय करायचं ते मला शिकवलेलं आहे. तेव्हा मी फक्त भिऊन गेले होते. एका संध्याकाळी धीर करून विचारलं, 'वयनी, काऊन रडून राहिल्या? काही दुखते का?'

'दुखत नाही गं,' ती म्हणाली. 'डोकं गंजतंय. दोन महिने झाले, मी कुणाला काही सांगितलं नाही आणि कुणी ते केलं नाही.'

मला यातलं काहीच समजलं नाही. 'हो जी,' मी म्हटलं.

तिला हसू आलं. नाक पुसून म्हणाली, 'क्लोज द डोअर.' एवढं मला येत होतं. मी दार लावलं. 'ओपन द डोअर.' उघडलं. 'क्लोज द डोअर स्लोली.' मी दार धाडकन लावलं, बाळ दचकलं, आणि बाहेरून मायनं विचारलं, 'का पडलं वो?'

तिथून सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी माय खळ्यावर गेल्यावर वहिनीनं मला खाटेजवळ बसवून आपल्या कामाची रीत सांगितली. म्हणाली, 'कॉम्प्युटर हुशार असतो असं लोकांना वाटतं. तो नसतो. सांगितलं तेवढंच करतो. आता मी प्रोग्राम लिहिणारी आणि तू कॉम्प्युटर. मी बोलेन, तू करायचं. पाठ करायचं नाही.' मग तिनं गावातल्या धानगिरणीचं उदाहरण घेतलं, कारण गिरणीचा आवाज त्या खोलीत येत होता. मोटार फिरते, तांदूळ निघतो, हे झालं काम. वाक्यातलं क्रियापद म्हणजे ती मोटार. पण रोलर किती कसायचे, धान किती सोडायचं, हे गिरणीवाला वेगळं सांगतो. तेच धान, तीच मोटार, पण त्या सांगण्यानं तांदूळ अख्खा निघतो नाहीतर कणी होते. 'क्रियाविशेषण म्हणजे तेवढंच,' ती म्हणाली. 'काम बदलत नाही. काम कसं, कधी, किती, ते बदलतं. आधी काम पकड. मग बघ त्याला काय जोडलंय. जोडलेलं कळलं नाही तरी निदान मोटार कोणती ते तर कळेल ना?'

मला एकदम मोकळं वाटलं. शाळेत मी पूर्ण वाक्याकडे बघून एकदाच घाबरत असे. इथे वाक्याचे दोन भाग झाले, आणि त्यातला एक तर मला येतच होता.

वही नव्हती, पेन नव्हतं, आणि तिच्या कानात कापूस असल्यामुळे तोंडातल्या तोंडात बोलून चालत नव्हतं. मी उत्तर गिळलं की ती नुसती बघत राही. त्यामुळे आमचं इंग्रजी सगळं हातापायांनी आणि मोठ्यानं झालं. पोअर द वॉटर. पोअर द वॉटर केअरफुली. नाऊ पोअर अगेन. ती एका वेळी एकच शब्द बदलत असे, हा तिच्या धंद्यातला नियम होता. दोन बदलले आणि बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळत नाही, म्हणे. 'ऑलवेज' आणि 'समटाइम्स' आम्ही बाळाच्या लंगोटावर शिकलो. ऑलवेज चेक, समटाइम्स ड्राय. 'नेव्हर' तिला शिकवावाच लागला नाही, कारण मायच्या सगळ्या सूचना 'नेव्हर'नंच सुरू होत होत्या असं ती म्हणायची.

आणि लाडू. मायनं डिंक-सुंठीचे लाडू डबाभर करून ठेवले होते, सकाळी एक, संध्याकाळी एक. वहिनीला चार दिवसांत त्यांचा वीट आला. मग रोज संध्याकाळी हुकूम सुटे, 'ईट द लाडू.' मी खाई. एकदा म्हणाली, 'ऑलमोस्ट ईट द लाडू.' मी लाडू तोंडापर्यंत नेला आणि तिथेच थांबले. सुंठेचा वास नाकात, तोंडाला पाणी, आणि हात हवेत. ती गंभीर चेहरा करून बघत होती. 'हां. हे ऑलमोस्ट,' ती म्हणाली. तेवढ्यात पडवीत मायची पावलं वाजली आणि तिनं घाईनं पुढचा शब्द जोडला, 'ईट क्विकली.' माय आत आली तेव्हा माझं तोंड भरलेलं आणि वहिनी बाळाला थोपटत होती.

'लाडू खाल्ला का वो?' मायनं विचारलं.

'संपला, आई,' वहिनी म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

'पाय बापा,' माय खूश होऊन मला म्हणाली, 'शहरातली हाय पन लाडू पचवून राहिली. आन तू काऊन अशी गालफुगी झालीस?'

कधी आम्ही बाजू बदलत असू. मी हुकूम द्यायचा, तिनं मशीन व्हायचं, आणि ती मशीन झाली की मुळीच दयामाया नसे. बाळ किरकिरत होतं तेव्हा पाळण्याची दोरी जोरात ओढावी म्हणून मी म्हटलं, 'पुल द रोप हार्डली.' तिनं दोन बोटांनी दोरीला नुसता स्पर्श केला आणि स्वस्थ बसली. 'वयनी, जोरानं ओढा म्हटलं ना मी.' 'नाही. तू म्हणालीस, जेमतेम ओढ. जोरानं असतं तर हार्ड.' बाळ रडतच राहिलं आणि आम्ही दोघी हसत राहिलो. मला जाणवलं की चूक झाली होती, ती माझी होती, आणि कुणी रागावलं नव्हतं. दोरी हलली नाही, एवढंच झालं होतं.

गावात लस द्यायला येणाऱ्या नर्सबाईंनी त्याच सुमारास सांगितलं की छत्तीसगडातल्या एका मिशनच्या दवाखान्यात मदतनीस मुली घेताहेत. आठवी झालेली चालते, राहणं-जेवण तिथेच, काम शिकवून तिथेच नोकरी. फक्त तिथल्या सिस्टर केरळकडच्या, म्हणून बोलणं इंग्रजीत, आणि निवड करतानाही त्या इंग्रजीतच बोलतात. मी ताक घुसळत होते, हात थांबला. मला किती जायचं होतं ते मला तोवर माहीत नव्हतं. वहिनीनं बाबूजींना दाराआडून विचारलं. बाबूजींनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, 'एक डाव जाऊन येऊ द्या तिले. जमलं त जमलं. नाई त फागुनात तिले पाहाले पावणे येऊन राहिलेत, मंग त्यायले नाई म्हनायचं नाई.' दुसरी संधी मागायची नाही, हे त्यात आलंच. मी म्हटलं, 'हो जी.'

त्या दिवसापासून मी निवडीच्याच भीतीत वावरू लागले. आणि भ्याले की माझी हो म्हणायची जुनी सवय वर येई. दोन-तीन दिवसांनी वहिनीनं बाळाच्या अंघोळीच्या वेळी एक लांब वाक्य सांगितलं: गरम पाणी आण, पण चुलीवरचं नको, बाहेर उन्हात ठेवलेलं आण, आणि आधी कोपर बुडवून बघ. सगळं इंग्रजीत. मला 'वॉर्म वॉटर' समजलं. पुढे शब्दांचा नुसता भुसा उडाला. 'हो जी,' म्हणून मी गेले आणि चुलीवरची कळशी आणून घंगाळात रिकामी केली. वहिनीनं बाळाला उचलण्याआधी स्वतःचं कोपर पाण्याला लावलं आणि झटकन मागे घेतलं. तिच्या गोऱ्या कोपरावर लाल ठिपका उठला.

ती रागावली नाही. बाळाला पाळण्यातच राहू दिलं आणि माझ्यासमोर पाटावर बसली. 'समजलं नव्हतं ना?'

'हो जी.'

'मग हो कायले म्हटलंस?' तिच्या तोंडून आमचा 'कायले' ऐकून एरवी मला हसू आलं असतं. मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, 'हे बघ ममता. मशीनला समजलं नाही की ते काय करतं? थांबतं. आणि नुसतं थांबत नाही. कुठल्या ओळीवर थांबलं ते सांगतं. त्याला लाज नाही वाटत. मी रोज दहा वेळा चुकते, ते दहा वेळा थांबतं, मी नीट करते. तेच माझं काम आहे. पण ज्या दिवशी ते न समजता पुढे जाईल ना, त्या दिवशी कुणाचं तरी कोपर भाजेल. तुला सगळे शब्द यायला नकोत. कुठपर्यंत समजलं ते सांगता आलं पाहिजे.'

मग राहिलेले सगळे दिवस आम्ही एवढंच केलं. ती मुद्दाम मला न येणारे शब्द घालून बोलायची आणि मी थांबायची. अमुक शब्दापर्यंत समजलं, पुढचं नाही, परत सांगा, हळू सांगा. पहिल्या वेळी ते म्हणताना मला मोठ्या माणसाला उलटून बोलल्यासारखं वाटलं. अजूनही कधीकधी वाटतं. डॉक्टर घाईत असले, तीन औषधं एका दमात सांगून निघाले, की माझं तोंड आपोआप हो म्हणायला उघडतं. मग मी त्यांच्या मागे चार पावलं जाते आणि विचारते.

मुलाखतीला बाबूजी माझ्याबरोबर आले. आमगावहून पॅसेंजर पकडली. मायनं बांधून दिलेल्या तांदळाच्या सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, आणि जवसाची चटणी माझ्या मांडीवर, आणि मी एकही खाल्ली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर पाच-सहा मुली होत्या. माझ्या आधीची मुलगी बाहेर येऊन आम्हाला म्हणाली, 'कुछ नहीं है, वो जो भी बोले, यस सिस्टर बोल देना.' ते मला फार सोपं वाटलं, आणि त्याचीच भीती वाटली.

आत एक खाट होती, खाटेवर रोग्याच्या जागी लांब उशी, शेजारी पाण्याचं भांडं, टॉवेल, दोन बाटल्या. मोठ्या सिस्टर उंच, सावळ्या, चष्म्याआडून बघणाऱ्या. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग भराभर बोलायला लागल्या. शब्द तोंडात गोल फिरून येत होते. मी मोटार शोधत होते. टेक. टेक द टॉवेल. त्यापुढे काहीतरी डावी बाजू, काहीतरी आधी, काहीतरी नंतर, आणि शेवटी 'अंडरस्टुड?'

'यस, सिस्टर,' मी म्हटलं.

माझा हात टॉवेलकडे गेलासुद्धा. टॉवेलवर हात ठेवून मी थांबले. मला वाटलं, एकदा हो म्हटलं, आता कसं फिरवायचं? खिडकीबाहेर बाबूजींची टोपी दिसत होती. मग मी टॉवेलवरचा हात काढला आणि वहिनीच्या कानातल्या कापसातून ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, 'नो, सिस्टर. आय अंडरस्टुड ओन्ली अप टू टॉवेल. आफ्टर दॅट, नॉट. प्लीज टेल अगेन. स्लोली.'

सिस्टरनी चष्मा काढून परत घातला. मग तेच सगळं पुन्हा सांगितलं, हळू, तुकड्या-तुकड्यानं, आणि मी एकेक तुकडा केला. एका ठिकाणी परत थांबले, परत विचारलं. उशीचा डावा हात कोणता यावर जरा घोटाळा झाला, कारण उशीला तोंड नव्हतं. तेही मी विचारलं, आणि त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या.

'हू टॉट यू धिस?' त्यांनी विचारलं.

'माय सिस्टर-इन-लॉ,' मी म्हटलं. प्रोग्राम लिहिते हे कसं सांगायचं ते आठवेना. 'शी इज कॉम्प्युटर.'

यावर त्या मोकळ्या हसल्या. दाराशी जाऊन बाबूजींना मोडक्या हिंदीत म्हणाल्या, 'इसको होली के बाद भेजो.'

बाबूजींनी हात जोडले. 'पास हो गई क्या जी?'

'भेजो बोला ना.'

स्टेशनवर बाबूजींनी सुवाऱ्यांचं फडकं सोडलं आणि अर्ध्याहून जास्त मीच खाल्ल्या. बाबूजींनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, 'तू सिस्टरले नो म्हनालीस ना, तवा मले वाटलं, गेलं आता. मी त धोतर झटकून उभाच झालतो.' थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, 'असं म्हनू देतेत का मोठी मानसं?' हा प्रश्न ते मला विचारत नव्हते. गाडी आली तेव्हा माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली, आणि घरी पोचल्यावर मायला सांगितलं की पावण्यांना निरोप धाडायचा आहे.

वहिनीचा सव्वा महिना संपून बरेच दिवस झाले होते. ती पडवीत उन्हात बसली होती. मी सगळं सांगितलं, तर म्हणाली, 'शी इज कॉम्प्युटर?' आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते पाणी लवकर थांबलं नाही. फार वर्षांनी तिनं फोनवर सांगितलं की त्या खोलीत तिला रोज वाटायचं, आपण आता कधीच परत कामावर जाऊ शकणार नाही, आपलं डोकं संपलं. दुपारी मी यायची म्हणून तिला सकाळी उठावंसं वाटे. मला हे तेव्हा माहीत असतं तर मी दुपारची वाट न बघता सकाळीच गेले असते.

होळीनंतर मी गेले. तिथून नागपूर, तिथून इथे. वहिनीनं पुढे पुष्कळ वर्षं प्रोग्राम लिहिले, दोन मुली वाढवल्या, मायच्या शेवटच्या आजारात तिचं सगळं केलं, आणि भावाच्या ऑपरेशननंतर त्याचंही. तिला कुणी कधी बसवून खाऊ घातल्याचं मला आठवत नाही. माझ्या घराच्या खिडकीतून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसते. मी तिला सांगितलं आहे की इथे ये, महिनाभर राहा, चहासुद्धा तुझ्या हातानं करू देणार नाही. ती म्हणते, बघू, आधी धाकटीची परीक्षा होऊ दे. मग म्हणते, आधी पाऊस संपू दे. मी भांडत नाही. पुढच्या वेळी सुट्टीवर गेले की आधी पुण्याला उतरणार आहे, तिला पासपोर्ट काढून देणार आहे, आणि परतताना तिला बरोबर घेऊन येणार आहे. तिच्यासाठी खिडकीजवळची खाट मी आत्ताच रिकामी करून ठेवली आहे.